यात नवीन काय?

अंधेरीच्या ऑफिसात टॅब बाजारात आणायला दोन दिवस उरले होते, तरी नितेश सरांचं एकच पालुपद चालू होतं. "स्टँडवर उभा राहतो, माणूस हलला की कॅमेरा त्याच्याकडे वळतो. यात नवीन काय? 'क्रांतिकारी' छापलं तर लोक हसतील, मेलरॉय."

वाद घालून मेलरॉयचा घसा बसला. शेवटी त्याने टॅब सरांपुढे उभा केला आणि खारदांड्याला ममाला व्हिडिओ कॉल लावला. दुसरा टॅब तो सकाळीच तिच्या ओट्यावर ठेवून आला होता.

बोंबलांचे हात धुऊन ममा जी सुरू झाली ती थांबेचना. शेगडीकडे गेली, खिडकीपाशी गेली, कॅमेरा तिच्यामागे.

"बघ, माईकपण बंद," सर म्हणाले.

"माईक चालू आहे, सर. ममाला ऐकू-बोलता येत नाही, ती हातांनी बोलते. आजवर एक हात फोन धरण्यात जायचा, म्हणून अर्धंच बोलायची."

सरांनी खुर्ची टॅबजवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "आत्ता काय म्हणतायत त्या?"

मेलरॉयला हसू आवरेना. "विचारतेय, तो चष्मेवाला मघापासून तोंड हलवतोय, नवीन काय सांगतोय?"