दुसऱ्या मंगळवारची कवळी

त्सुरुए आजींचं पत्र येऊन आठ महिने झाले होते आणि डॉक्टर शिओमींनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं.

पत्र एका पानाचं होतं. अक्षर कापरं. 'तीन वर्षं मी तुमच्याशी खोटं वागले,' आजींनी लिहिलं होतं. 'तुम्ही करून दिलेली खालची कवळी पहिल्या दिवसापासून हिरडीला टोचते. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तुम्ही घरी यायचात, तेवढ्यापुरती मी ती लावत असे. तुम्ही चढ उतरलात की काढून खणात ठेवायची. वारा असो, पाऊस असो, तुम्ही बॅग घेऊन यायचात. अशा माणसाला दुखतंय म्हणून कसं सांगायचं? आता डोळे जात चालले आहेत. लिहिता येतंय तोवर सांगून टाकते. यापुढे माझ्यासाठी पायपीट करू नका. मला क्षमा करा.'

तेव्हापासून डॉक्टर त्या चढावरच्या घरी गेले नव्हते. येऊ नका असं आजींनीच म्हटलं होतं. लपायला तेवढी जागा पुरेशी होती.

उत्तर लिहायला ते बसले नाहीत असं नाही. पण पत्र म्हटलं की रिवाजाप्रमाणे आधी ऋतूचं एक वाक्य हवं. 'प्लमच्या फुलांचा वास सुटला आहे, आपली प्रकृती कशी आहे' इथवर त्यांनी सुबक लिहिलं. पुढचं वाक्य सुचेना. काही आठवड्यांनी पुन्हा कागद काढला तर प्लमची फुलं गळून गेली होती. मग चेरीपासून सुरुवात केली. तीही गळली. मग भातखाचरातल्या बेडकांवर लिहिलं, मग उकाड्यावर. प्रत्येक वेळी ऋतू पुढे जाई आणि पहिलं वाक्य शिळं होई. घरात कपाटभर पुस्तकं होती. आपल्यासारख्या माणसानं काय लिहावं, ते एकाही पुस्तकात त्यांना सापडलं नाही.

आता बेटावर संत्री पिवळी पडू लागली होती. दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या हागिनो बाई सकाळी आल्या त्या बोलतच आल्या.

"काल त्सुरुए आजींकडे संत्री द्यायला गेले होते, डॉक्टर. नुसती हाडं राहिलीत हो. सून बिचारी पेज करून देते, त्या दोन चमचे घेतात. मुळ्याचं लोणचं समोर आलं की नुसतं हुंगतात. म्हणतात, वासानंच पोट भरतं माझं."

डॉक्टर अवजारं पुसत राहिले.

"आणि एक विचारत होत्या."

"काय?"

"डॉक्टर अजून रागावलेत का माझ्यावर?"

डॉक्टरांचा हात थांबला.

"रागावणारच म्हणा," हागिनो बाईच पुढे म्हणाल्या. "तीन वर्षं बनवलं त्यांनी तुम्हाला! पण एक्क्याण्णव वर्षांचा जीव आहे. एवढंसं खोटं उराशी घेऊन मरायचं का त्यांनी? दोन ओळी लिहा. माफ केलं म्हणा. तुमचं काय जातंय?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. दुपारी शेवटचा रुग्ण गेल्यावर त्यांनी खणातून एक पोस्टकार्ड काढलं.

"अहो, पाकीट घ्या की," हागिनो बाई म्हणाल्या. "आजींना दिसत नाही. उघडं कार्ड असलं की पोस्टमन दारात उभा राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवतो. संध्याकाळपर्यंत बोटीच्या धक्क्यावर सगळ्यांना पाठ होईल."

"होऊ दे."

ते उभ्याउभ्याच लिहू लागले. ऋतूचं वाक्य त्यांनी गाळलं. इतकं उघडंबोडकं पत्र त्यांनी सत्तर वर्षांत कुणाला लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर चपला घालून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. तिथे चष्मा वर करून त्यांनी कार्ड एकदा शेवटचं वाचलं.

'त्सुरुए आजी, क्षमा मी मागायची आहे. तुम्ही मला फसवलं नाहीत. कवळी बसवली त्या दिवशी चावा तपासायला मी तिच्यावर निळ्या कागदाची खूण उठवली होती. चार घास चावले की ती खूण पुसली जाते. महिन्याभरानं आलो तेव्हा ती जशीच्या तशी होती. मी ती कापसानं पुसली आणि म्हणालो, वा, किती छान ठेवलीत कवळी. त्यानंतर पस्तीस मंगळवार मी तेच म्हणत आलो. माझा हात चुकला होता, आणि ते तुमच्या तोंडून ऐकायचं मला धैर्य नव्हतं. येत्या मंगळवारी नव्या कवळीसाठी हिरडीचा ठसा घ्यायला येतो. दुखलं तर ओरडा.'

वाचून होताच त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.