ओळख पटण्याआधी

वडिलांच्या स्मृतिभ्रंशावर डॉक्टरबाईंनी तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले. रोज एक गोळी, नाहीतर पाठीवर चिकटवायची पट्टी. गोळीने पोट बिघडलं तर पट्टी बरी. संध्याकाळच्या बेचैनीवर आणखी एक औषध होतं, पण त्याने माणूस गुंगीत पडून राहतो, म्हणून ते इतक्यात नको असं त्यांनीच सांगितलं. तिने मात्र खोदून खोदून विचारलं. फरक कधी दिसेल, किती टिकेल, दिसलाच नाही तर काय.

शेजारच्या खुर्चीत वडील बसले होते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. त्यांचं सगळं लक्ष दवाखान्याच्या दाराकडे होतं. दाराची वरची बिजागरी सैल आहे, असं त्यांनी आल्या आल्याच बजावलं होतं.

"गोळीने बाबा मला ओळखतील?" तिने विचारलं.

"गेलेलं परत येईलच असं नाही. पण काही जणांना थोडे महिने बरे जातात. घरची माणसं ओळखू येतात."

"आणि ओळखायला लागले, तर बोलतील?"

डॉक्टरबाईंना प्रश्न कळला नाही. मग तिने सांगितलं. वडील तिच्याशी आयुष्यभर कामापुरतंच बोलले. आता रोज संध्याकाळी ते तिला देखभालीला आलेली बाई समजतात आणि मनमोकळेपणाने मुलीबद्दल बोलत बसतात. मुलगी लहानपणी बोलताना अडखळायची. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती स्टेजवरच अडकली, तेव्हा ते काम टाकून आले होते आणि सभागृहाच्या मागच्या खांबाआड उभे होते. पोर ओशाळेल म्हणून पुढे झाले नाहीत. हे त्यांनी कालच सांगितलं. आणि ती इतकी वर्षं धरून चालली होती, की बाबा आलेच नव्हते.

"आज काय सांगतील, याची मी दिवसभर वाट बघते," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. गोळी कधी सुरू करायची ते तुम्हीच ठरवा, त्या म्हणाल्या, पण तुम्ही थांबलात म्हणून आजार थांबायचा नाही.

संध्याकाळी तिने गोळी वडिलांच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी गोळी उलटसुलट करून पाहिली.

"कशावरची हो ताई ही?"

"माणसं ओळखू यावीत म्हणून."

"म्हणजे माझी मुलगी आली, की ओळखू येईल मला?"

"येईल. कदाचित."

वडिलांनी गोळी टेबलावर ठेवली आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मग थांबा जरा. ती समोर दिसायला लागली की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आधी तुम्हाला सांगून घेतो."