एकच प्रेक्षक

ऋजुताने चौथ्यांदा वायर काढून परत घातली. बँकेतली नोकरी सोडून तिने आपला व्हिडिओ गेमचा खेळ लोकांना नेटवर थेट दाखवायला घेतला, त्याला आज महिना झाला होता. वडिलांनी धरलेल्या अबोल्यालाही. नवा कॅमेरा, नवा माइक, तरी चित्र हिसके खात होतं. घरातलं कुणीतरी नेट ओढत होतं.

बघायला एकच माणूस होता, बिननावाचा, आणि तो सकाळपासून तिचं डोकं खात होता. 'चित्र अडकते आहे,' त्याने लिहिलं. तिने सेटिंग बदललं. 'आता पुसट आहे.' तिने पुन्हा बदललं. 'मघाचेच बरे होते.'

तिची सटकली.

"फुकट बघायचं आणि वर नाकं मुरडायची," ती माइकवर कडाडली. "दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या, काका."

आणि नेट कोण ओढतंय त्याला धारेवर धरायला ती तरातरा खोलीबाहेर निघाली.

तिचं बोलणं बघणाऱ्यापर्यंत दहा सेकंद उशिरा पोचायचं. ती दारात पोचली तेव्हा बाहेरच्या खोलीतून तिचाच आवाज आला: "...डोळे तपासून घ्या, काका."

वडील पाठमोरे बसले होते. मोबाइल नाकाशी धरून, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत ते टाइप करत होते. ती आवाज न करता मागे जाऊन उभी राहिली.

'चष्मा लावलाच आहे,' त्यांनी पाठवलं. पण राग काही उतरला नव्हता. बोट पुन्हा अक्षरं शोधू लागलं.

'आणि काका कोणाला म्हणतेस?'