काकवीचे रंग

धरणाचं पाणी चढायच्या आत गावाकडच्या घराचं चित्र काढायला जयपाल कोल्हापूरहून आला होता. स्वतः पत्रा कापून, डाख देऊन केलेली लाडकी रंगपेटी त्यानं उघडली आणि कपाळावर हात मारला. जैनाच्या घरात मध चालत नाही, म्हणून रंग मऊ राहायला त्यानं काकवी घातली होती. आता आठही खणांत मुंग्या भरल्या होत्या. वैतागून त्यानं पेटीत पाणी ओतायला तांब्या उचलला.

“मारू नगंस!” आई ओरडली. “हळू फुंकर घाल.”

“अव्वा, ऊन उतरलं! उद्या घर पाण्यात जाणार. किती वेळ फुंकत बसू?”

सामानानं भरलेल्या बैलगाडीला टेकून ती घराकडं बघत होती.

“बिऱ्हाड हलवायला येळ लागतोय रं. आमाला कुणी दिला न्हाय. तू तरी त्यास्नी दे.”