वुकोटाचं रक्त

“रिपोर्टची अदलाबदल झालीय!” वुकोटाने कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटला. “सगळ्या पेशी बाईच्या म्हणे! कुणा बाईचं रक्त माझ्या नावावर चिकटवलंत?”

त्याची धाकटी बहीण रोसांदा दाराशी कोट मांडीवर घेऊन बसली होती. “दादा, हळू. बाहेर लोक आहेत.”

“तू गप गं.”

गेल्या वर्षी त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. डॉ. स्लाविकांनी दोन वाटा सांगितल्या: औषधांवर दिवस काढायचे, नाहीतर दुसऱ्याच्या हाडांतला मगज घेऊन रक्त मुळापासून नवं करायचं. सांगितल्या अर्थात रोसांदाला. असली बडबड ऐकत बसणं हे का माँटेनेग्रोच्या डोंगरातल्या मर्दाचं काम? वुकोटा व्हरांड्यात सिगरेट फुंकत राहिला, आत येऊन “नवं करा” म्हणाला आणि न वाचता सही ठोकून मोकळा झाला.

मगज देणारा कुणी तगडा गडी असणार, हे त्याने स्वतःच ठरवलं. सणासुदीला त्या अनोळखी वीराच्या नावाने तो राकिया दारूचा पेला उचलायचा. “रक्त चालतं ते पुरुषाकडून,” हे त्याचं पालुपद. त्याच न्यायाने बापाची सगळी जमीन त्याला मिळाली होती. रोसांदाने रीतीप्रमाणे हक्क सोडला होता. ऐन उपचारांत तिची कंबर धरली, तेव्हाही त्याने टोमणा मारला होता, “मरायला टेकलोय मी आणि कण्हतेस तू!”

आज मात्र त्याचा आवाज चिरकला. “माझा खरा रिपोर्ट काढा, डॉक्टर. रोग परतला असेल तर तोंडावर सांगा. मी काय भितो?”

भ्यायला होता बिचारा.

“हाच तुमचा खरा रिपोर्ट,” डॉ. स्लाविका म्हणाल्या. “तुमची एकही जुनी पेशी शोधून सापडली नाही. नव्या रक्ताने सगळा ताबा घेतलाय. जिंकलात तुम्ही!”

वुकोटा मटकन खुर्चीत बसला. डोळे घळाघळा वाहू लागले, पण ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. जगणार होता तो!

जरा वेळाने त्याने पुन्हा कागद उचलला. “मग ही बाई कोण?”

डॉक्टरांनी फक्त दाराकडे पाहिलं.

रोसांदा एक हात कमरेवर ठेवून सावकाश उठली.

“चल दादा, बस चुकेल,” ती म्हणाली. “रक्त पुरुषाकडून चालतं म्हणतोस ना? आता माझ्या रक्तावर घरापर्यंत चालून दाखव.”