टोपीचं माप

“बाबा, कान दुखतायत.”

शाळेच्या फाटकाशी मी लेकीच्या डोक्यावर हेल्मेट दाबत होतो. सिनेमातल्या अंतराळवीराचं. विकतचं परवडेना, म्हणून जुने पेपर मैद्याच्या खळीने चिकटवून आठवडाभर खपून केलेलं, वरून चंदेरी कागद. माप घेतलं ते घर सोडताना माझ्या सामानात आलेल्या तिच्या टोपीवरून.

“ती टोपी पहिलीतली,” तिची आई माझ्याकडे न बघता म्हणाली. “आता तिसरीत आहे ती.”

आतून वेशभूषा स्पर्धेसाठी तिचं नाव पुकारलं. कात्री लावली तर फाटणार, नाही लावली तर बसणार नाही. मी नुसताच चंदेरी कागद चेपत राहिलो.

लेकीने हेल्मेट काढून हातात घेतलं.

“असू दे बाबा. सिनेमात शेवटी तो घरी येतो ना, तेव्हा ते हातातच असतं.”