सगळ्या बाह्या उजव्या

शैलाताईंनी कापलेली एक बाही उचलून पाहिली, मग दुसरी, मग ढिगाच्या तळातली ओढून काढली. सगळ्या उजव्या हाताच्याच होत्या. गणवेशाचं कापड अंथरताना दर दुसरा थर उलटा टाकायचा, म्हणजे डाव्या-उजव्याची जोडी निघते, हे शैलाताई कारखान्यात आलेल्या प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी शिकवायच्या. आज ऐंशी शर्टांना डावी बाहीच नव्हती.

"थर नजमानं अंथरले असतील," मागून कुणीतरी म्हणालं. नजमा आठवड्यापूर्वीच कामाला लागली होती. तिचा चेहरा उतरला.

"नाही. अंथरले मी आणि कापलेही मीच," शैलाताई म्हणाल्या. "माझीच अक्कल गहाण पडली होती. तुम्ही जेवून घ्या, मला आज जेवण नको." आणि त्या उभ्या उभ्याच उरलेलं कापड मोजायला लागल्या.

बनाबाईनं मशीन बंद केली. आलं ठेचून चहा केला आणि कप ताईंच्या पुढ्यात ठेवला.

"बसा. जिच्या हातून चूक झाली तिनं पाच मिनिटं बसायचं, चहा घ्यायचा, मगच कात्री धरायची. नियम तुमचाच आहे."

"अगं, तो तुमच्यासाठी."

"मग तुम्ही कोण, मशीन?"

नजमानं स्टूल पुढे सरकवलं. शैलाताई बसल्या. अकरा वर्षं त्या हा चहा दुसऱ्यांना करून देत होत्या. आज पहिला घोट घेतला, तेव्हा त्यांना कळलं, चुकलेल्या बायका त्या पाच मिनिटांत का रडायच्या.